दोन्ही सारखीच गप्प

माझ्या भावाला बाजार समोरासमोर दादा म्हणायचा आणि पाठीमागे थंडोबा. हे नाव कुणी पाडलं ठाऊक नाही, पण ज्याने पाडलं त्याने माणूस बरोबर ओळखला होता. दादा कॉम्प्युटर जोडून द्यायचा, तेही ऑफिसातल्या टायपिंगचे नव्हेत, खेळणाऱ्यांचे. ह्या खेळांच्या कॉम्प्युटरची एक खोड असते. खेळ रंगात आला की ते आतून तव्यासारखे तापतात, आणि तापले की एक तर अडखळतात नाहीतर बंद पडतात. थंड ठेवायचं तर आत पंखे हवेत, आणि पंखे आले की घरघर आली. थंडपणा आणि शांतता एका पेटीत सुखाने नांदत नाहीत. दादा दोन्ही नांदवून दाखवायचा. त्याचा स्वभावही तसाच. गिऱ्हाईक कितीही आदळआपट करू दे, हा आपला हळू आवाजात "बघू या" म्हणायचा आणि कामाला लागायचा. माझा राग नाकाच्या शेंड्यावर, म्हणून मला पुढे काउंटरवर बसवलेलं. रिकामटेकडी मंडळी माझं तोंड बघूनच पुढच्या दुकानात जायची.

दुकान अगदी रस्त्यावर. शेजारी खिडक्यांसाठी ॲल्युमिनियमच्या पट्ट्या कापणारा, समोर बसथांबा. दिवसभर ती करवत आणि ते हॉर्न ऐकून संध्याकाळी घरी गेल्यावरही माझं डोकं भणभणत असायचं. पण दुकानाच्या मागे एक आतली खोली होती. तिच्या दाराला दादाने आतून जुनी गादी ठोकली होती आणि भिंतींना फेल्टचं जाड कापड चिकटवलं होतं. मशीन जोडून झालं की ते उचलून तो त्या खोलीत शिरायचा आणि दार लावून घ्यायचा. तो आत ऐकत असताना दुसऱ्या कुणी जायचं नाही, मीसुद्धा नाही. "दोन माणसं असली की श्वासाचाही आवाज होतो," असं त्याचं म्हणणं. "मग तूही श्वास बंद ठेवत जा," असं माझं. तो हसायचा आणि दार ओढून घ्यायचा.

आत काय चालायचं ते मला त्याच्याच सांगण्यावरून ठाऊक. तरुणपणी तो मामाच्या कारखान्यात पंख्यांच्या जळलेल्या मोटारी भरायला, म्हणजे आतली तार नव्याने गुंडाळायला शिकला होता. मोटार आतून धड आहे की नाही हे तिथे ऐकून ओळखायचे. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटारीला टेकवायचं आणि मूठ कानामागच्या हाडाला लावायची. आतली बारीकशी खरखरसुद्धा हाडातून थेट डोक्यात पोचते. दादाने ती रीत कॉम्प्युटरला लावली आणि वर स्वतःची पुस्ती जोडली. आधी हाडाने ऐकायचं, मग स्क्रूड्रायव्हर बाजूला ठेवून नुसत्या कानाने, मशीनपासून वीतभर लांबून. हाडाला ऐकू आलंच पाहिजे, नाहीतर यंत्र मेलेलं. कानाला ऐकू येता कामा नये, नाहीतर ते खोलीत झोपलेल्या माणसाला छळणार. ह्या परीक्षेत पास झाल्याशिवाय एकही मशीन दुकानाबाहेर पडत नसे, आणि ह्याच खात्रीवर लोक लांबून लांबून आमच्याकडे यायचे.

गेल्या काही वर्षांत मशीनं फार पटापट पास होऊ लागली होती. मला वाटायचं, पंखेच सुधारलेत.

क्वचित कुणी तक्रार घेऊन यायचं. एक दाढीवाला आर्किटेक्ट मशीन काखेत मारून आला आणि म्हणाला, "थोडी शिट्टीसारखी येते हो." दादाने ते आत नेलं, ऐकलं, बाहेर आणून ठेवलं. "कान लाडावलेत तुमचे," एवढंच म्हणाला. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! घरी वहिनी म्हणायची, "अहो, फ्रीज घुरघुरतोय, बघा ना जरा." हा म्हणायचा, "कुठे काय?" मग वहिनी माझ्याकडे बघून डोळे फिरवायची आणि आम्ही दोघी हसायचो. बायकोचं गाऱ्हाणं नवऱ्याच्या कानावर पडत नाही, ह्यात नवल ते काय! दादाचा आवाजही दिवसेंदिवस हळू होत चालला होता, इतका की ऐकायला पुढे वाकावं लागे. आम्ही म्हणायचो, थंडोबा वयाबरोबर आणखीच थंड झाला.

अशात एक दिवस एका बस ड्रायव्हरची लेक दुकानात आली. तिशीच्या आसपासची, केस कसेबसे गुंडाळलेले, दर मिनिटाला मोबाइलमध्ये डोकावणारी. शेजारणीला घरी बसवून आले आहे, लवकर जायचंय, असं तिने आल्या आल्या सांगून टाकलं. तिच्या वडिलांनी जन्मभर बस चालवली. निवृत्त झाले आणि अर्धांगवायूचा झटका आला. उजवं अंग पुरतं गेलं, डावंही लुळं पडलं, वाचा गेली. समजत सगळं होतं, ऐकू छान येत होतं, पण तोंडून शब्द फुटत नव्हता. मानही हलायची नाही, डावा हात तेवढा कोपरापासून थोडा उचलता यायचा. घरात ती आणि वडील, तिसरं कुणी नाही. नोकरी सोडून ती आता घरूनच मिळतील ती कामं करत होती.

"मी त्यांच्याच खोलीत असते," ती म्हणाली. "दुसरीकडे बसले आणि त्यांच्या घशात काही अडकलं तर? ते हाकही मारू शकत नाहीत ना. संध्याकाळी त्यांना भरवते, मग ते झोपतात, आणि मग जरा माझा वेळ असतो. माझी सगळी मित्रमंडळी आता त्या खेळातच भेटतात मला. बाहेर कुठे जाणं होतच नाही. पण माझं जुनं मशीन असं काही भुंकतं, की बाबा दचकून जागे होतात. ह्या आजारापासून त्यांना एवढासा आवाज सहन होत नाही. एकदा उठले की तळमळत राहतात. मग मी खेळणंच सोडलं."

"दिसायला कसं हवंय?" मी विचारलं.

"कोळशाचं पोतं दिलंत तरी चालेल, ताई. आवाज नको फक्त."

दादा तिच्या तोंडाकडे टक लावून ऐकत होता. तो सगळ्यांचंच असं ऐकायचा. गिऱ्हाइकांना वाटायचं, काय मन लावून ऐकतो हा माणूस! तिचं बोलून झालं तसा तो नेहमीच्या हळू आवाजात म्हणाला, "वडिलांना कळणारही नाही मशीन सुरू आहे ते. तू बिनघोर खेळ."

तिच्यासाठी त्याने दोन मशीनं समोरासमोर मांडली. पेटीला आम्ही धंद्यात कॅबिनेट म्हणतो. पहिलं कॅबिनेट काळं, मठ्ठ, पुढून सगळी जाळीच जाळी. आत प्रोसेसरवर उष्णता ओढून घेणारा ॲल्युमिनियमच्या पापुद्र्यांचा मोठा ठोकळा आणि त्याला संथ फिरणारे दोन रुंद पंखे. वारा पुढून येणार, मागून जाणार, बाकी भानगड नाही. दुसरं कॅबिनेट देखणं. बाजूला काच, इतर सगळ्या अंगांना आतून फोमचं अस्तर, आणि थंड करायला पाणी. प्रोसेसरवर एक छोटा पंप बसतो, तो पाणी नळ्यांतून वर रेडिएटरकडे ढकलतो, तिथे ते निवतं आणि परत खाली येतं. काचेतून नळ्या दिसतात, रंगीत दिवे दिसतात. मला विचाराल तर पहिलंच घ्यावं असं माझं मत होतं. जितकी यंत्रं जास्त तितकी कटकट जास्त, हे मी संसारात शिकले आहे. पण मला कुणी विचारलं नाही.

दादा दोन्ही घेऊन आत गेला आणि दुपार उलटून गेली तरी बाहेर येईना. आला तेव्हा इतका खूश होता की असा खूश मी त्याला बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता.

"दोन्ही सारखीच गप्प," म्हणाला. "जाळीचं गप्प, पाण्याचंही गप्प. वीतभर लांब कान नेला आणि काही नाही! असं माझ्या हातून आजवर झालं नव्हतं."

"मग द्यायचं कोणतं?" मी म्हटलं.

"आवाज सारखाच, तर मग पाण्याचं. ते जास्त थंड राहतं. आणि तिचे वडील दिवसभर छताकडे बघत पडलेले असतात. दिवे दिसतील, पाणी खेळताना दिसेल. तेवढीच त्यांना करमणूक."

त्या मुलीने कोळशाचं पोतं मागितलं होतं. दादाने तिला काचेचा महाल दिला, आणि तो केवळ तिच्या बापाचा विचार करून दिला, हे मला आज सांगताना नको नको होतं.

पुढे काही आठवड्यांनी तिचा फोन आला. फोन नेहमी मीच घ्यायचे. मशीन छान चाललंय, म्हणाली, खेळताना एकदासुद्धा अडखळलं नाही. मग म्हणाली, "एक गंमत सांगू? बाबा सारखा त्याच्याकडे हात करतात. मी खेळायला बसले की डावा हात उचलून तिकडे दाखवत राहतात. आणि झोपतच नाहीत हल्ली. डॉक्टरांनी झोपेचं औषध वाढवलंय."

मी हे तिथूनच ओरडून दादाला सांगितलं. एकदा सांगितलं, मग जवळ जाऊन परत सांगितलं. त्याचा चेहरा उजळला.

"आवडलं असेल त्यांना. लांबून नीट दिसत नसेल. जवळ ठेव म्हणावं, पलंगाशी."

मी तसं सांगितलं. तीही हसली. त्या संध्याकाळी चहाच्या टपरीवर दादा भेटेल त्याला सांगत होता, की ज्या माणसाला बोलता येत नाही त्यानेसुद्धा आपल्या कामाला दाद दिली.

मशीन विकलं की काही महिन्यांनी घरी जाऊन आतल्या धुळीच्या जाळ्या साफ करून द्यायच्या, ही दादाची पद्धत. जाळी तुंबली की पंखे धापा टाकतात. ड्रायव्हरच्या घरी जायची वेळ आली तेव्हा दादाने नेमकी कंबर धरलेली, अंथरुणातून उठताही येत नव्हतं. म्हणून मी गेले.

दुपारची वेळ. दार तिनेच उघडलं, हेडफोन गळ्यात. "ताई, या ना. फक्त हा एक डाव संपवते, चौघं खोळंबलेत माझ्यासाठी. सुट्टीच्या दिवशी आम्ही दुपारीच बसतो. बाबांजवळ बसा तोवर." हेडफोन कानावर चढवून ती खुर्चीत बसलीसुद्धा.

खोली स्वच्छ होती. खिडकीशी पलंग, उशाला औषधांचा ट्रे, तोटीचा कप, घडी घातलेले पंचे. आणि पलंगाला अगदी खेटून एका स्टुलावर ते मशीन. काचेची बाजू म्हाताऱ्याकडे केलेली. निळे-जांभळे दिवे त्यांच्या गालावर पडत होते. माणूस हाडापेराने दणकट असणार, पण आता चादरीखाली निम्मा उरलेला. मी नमस्कार केला तर त्यांनी नुसते डोळे हलवले.

तिचा खेळ सुरू झाला आणि मला ते ऐकू आलं.

मोठा आवाज नव्हता. बारीक, टोकदार, एका सुरात धरलेली शिट्टी. कानाशी डास यावा आणि त्याने तिथून हलूच नये, तसं. खेळ जोरात आला की ती चढायची, जरा उसंत मिळाली की उतरायची, पण थांबायची नाही. माझे रस्त्यावर बसून बसून निबर झालेले कान, पण त्या बंद खोलीत मला चटकन उठून बाहेर जावंसं वाटलं. मी वाकून कान लावला. पंपच होता. म्हाताऱ्याचं डोकं त्याच्यापासून हातभरही लांब नव्हतं. त्यांनी डोळे मिटून घेतले होते आणि जबडा आवळला होता.

"हे इतकं जवळ?" मी तिच्या खांद्याला हात लावून, मशीनकडे बोट दाखवून विचारलं. तिने एक कान मोकळा न करताच मोठ्याने सांगितलं, "दादाच म्हणाले ना! आधी कोपऱ्यात होतं. बाबा हात करायचे म्हणून टेबलावर आणलं. तरी करायचे. मग अगदी उशाशीच ठेवलं. आता नाही करत हात. समाधान झालं त्यांचं."

"हेडफोन काढ," मी म्हटलं. "खेळ चालू ठेव आणि हेडफोन काढ."

माझी खूण आणि माझा चेहरा बघून तिने काढले. ती खेळायची तेव्हा तिचे कान झाकलेले असायचे, आणि खेळ संपवून हेडफोन उतरवेपर्यंत मशीन निवायचं, पंप मंदावायचा, शिट्टी विरून जायची. एवढ्या महिन्यांत ती तिच्या कानावर एकदाही पडली नव्हती. आता पडली. तिने माझ्याकडे पाहिलं, मशीनकडे पाहिलं, वडिलांच्या आवळलेल्या तोंडाकडे पाहिलं. मग धावत जाऊन बटण दाबलं. शिट्टी बंद झाली. म्हाताऱ्याचा जबडा हळूहळू सैल पडला, आणि थोड्या वेळात, आम्ही दोघी तिथे उभ्या असतानाच, भरदुपारी त्यांना झोप लागली.

"मी त्यांच्यावर चिडायचे, ताई," ती म्हणाली. "झोपा ना, झोपा ना म्हणून ओरडायचे. औषध घशात ओतायचे." आणि तोंडात पंचा कोंबून रडली, त्यांची झोप मोडू नये म्हणून.

मी तिथून तरातरा दादाच्या घरी गेले. अंगात नुसता जाळ झाला होता. दादा पलंगावर उशांना टेकून बसलेला.

"त्या पंपाची शिट्टी येते, दादा. खेळ सुरू झाला की कान फाडते."

"नाही येत. मी ऐकून दिलाय."

"मी आत्ता ऐकून आले!"

"तुझे कान रस्त्याने बिघडवलेत," तो शांतपणे म्हणाला.

माझा तोल गेला. "हो का? तुमचा फ्रीज मघापासून ट्रकसारखा घुरघुरतोय, तो येतो का तुला ऐकू?" हे मी नुसतं रागाने बोलून गेले होते, दुसरं काही मनात नव्हतं.

दादाने मान वळवून फ्रीजकडे पाहिलं. "बंद आहे आत्ता," म्हणाला.

वहिनी हात पुसत बाहेर आली होती, ती जागच्या जागी थांबली. वहिनी त्याच्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "अहो, सुरू आहे तो. भांडी थरथरताहेत वरची."

तो कंबर धरून उठला. कपाटातून लांब स्क्रूड्रायव्हर काढला, टोक फ्रीजच्या अंगाला टेकवलं, मूठ कानामागे धरली. डोळे मिटले. ऐकू येत होतं, त्याच्या चेहऱ्यावरून कळलं. मग स्क्रूड्रायव्हर बाजूला केला आणि कान वीतभर लांब ठेवून उभा राहिला. परत टेकवला. परत काढला. असं किती वेळ करत होता कोण जाणे. आम्हा दोघींना त्याला थांबवायचा धीर होईना. शेवटी तो तिथेच फरशीवर बसला.

"हाडाला येतंय," म्हणाला. "कानाला नाही."

वहिनी म्हणाली, "मला वाटायचं तुम्ही मुद्दाम करता. इतकी वर्षं मला वाटायचं की तुम्ही मुद्दाम ऐकत नाही." आणि त्याच्या शेजारी बसून तिने कपाळाला हात लावला.

कानाच्या डॉक्टरने पुढे सगळं समजावून सांगितलं. कानातली बारीक हाडं हळूहळू आखडत गेली होती. अशा माणसाला बाहेरचं कमी ऐकू येतं, पण हाडाला लावलेलं व्यवस्थित ऐकू येतं. स्वतःचा आवाजही डोक्यात मोठा वाटतो, म्हणून तो ओरडत नाही, उलट हळू बोलतो. आम्ही ज्याला थंड स्वभाव म्हणत होतो तो आजार होता. आणि ती दोन मशीनं सारखीच गप्प का होती, हे सांगायला डॉक्टरची गरज नव्हती. त्या आतल्या खोलीत अलीकडे कुठलंच मशीन नापास होणार नव्हतं. दादाला स्वतःचं काही वाटत होतं की नाही, ते त्या फ्रीजपाशी बसलेल्या संध्याकाळी दिसलं नाही. तो एकच गोष्ट विचारत राहिला.

"जवळ ठेव असं मी सांगितलं होतं का गं? मीच?"

"हो," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

दुसऱ्या दिवशी कंबरेला पट्टा बांधून, वहिनीचं न ऐकता, तो माझ्याबरोबर ड्रायव्हरच्या घरी आला. सोबत तो पापुद्र्यांचा ठोकळा आणि रुंद पंखे. बाहेरच्या खोलीत बसून त्याने पंप काढला, नळ्या काढल्या, ठोकळा बसवला. हात अजून पक्के होते. मग मशीन आत नेऊन पलंगापासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात ठेवलं. मी म्हटलं, मी ऐकून सांगते, किती वेगाने फिरवायचे ते. त्याने मान हलवली.

"तू घरी जाशील. इथे राहायचं त्यांना आहे. त्यांच्या कानाला पटलं पाहिजे."

तो पलंगाशी गुडघे टेकून बसला. म्हातारा त्याच्याकडे बघत होता.

"काका, हे मशीन मी दिलंय तुम्हाला," दादा म्हणाला. "मला ऐकू येत नाही. काल कळलं मला. तुम्ही एवढे महिने सांगत होतात आणि आम्ही उलटंच धरलं. आता माझं एक काम करा. मी पंखे मुद्दाम जोरात करतो, मग कमी कमी करत जातो. आवाज खुपतोय तोवर हात वर ठेवा. खुपायचा थांबला की खाली घ्या. बस, तेवढंच."

ड्रायव्हरच्या लेकीने वडिलांच्या उशाशी बसून तेच परत सांगितलं, लहान मुलाला सांगावं तसं, एकेक शब्द सुटा करून. त्यांना कळलं होतं, ह्यात मला शंका नाही. त्यांचे डोळे दादाकडून मशीनकडे गेले आणि परत आले.

दादाने पंखे पुरते सोडले. खोलीत वादळ शिरल्यासारखं झालं. मी दाराशी उभी होते तरी मला तो आवाज छातीत लागत होता. दादाची नजर त्या डाव्या हातावर. हात चादरीवर होता, पालथा, बोटं किंचित आखडलेली. तो हलला नाही.

"येतोय ना आवाज, काका?"

म्हाताऱ्याने डोळे गच्च मिटले होते. कपाळावर घाम आला होता. हात तिथेच.

"बाबा, उचला ना," ती म्हणाली. "उचला ना हात. तुम्ही उचललात की ते बंद करणार आहेत. बाबा!"

त्यांनी डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं. मग तो हात हलला. बोटांनी चादरीची कड शोधली, आणि इंच इंच ओढत, धाप लागेपर्यंत, त्यांनी हात चादरीच्या आत नेला.

मी पुढे होऊन बटण बंद केलं. दादा गुडघ्यांवर तसाच होता, चादरीला जिथे हाताचा उंचवटा दिसत होता तिकडे बघत.

"ह्यांनी हात केला की आपण मशीन जवळ आणायचो," तो म्हणाला. "आता हे काही सांगणार नाहीत."

त्याने वायर काढली. मी म्हटलं, मी उचलते, तुझी कंबर. त्याने ऐकलं नाही, किंवा त्याला ऐकू आलं नाही. मशीन छातीशी धरून तो बाहेर गेला आणि परत खोलीत आला नाही. ती मुलगी पलंगाच्या कडेला बसली होती, तिचा तळवा चादरीवर उघडा ठेवून, तो हात बाहेर येईल म्हणून वाट बघत. आम्ही चपला घालून निघालो तेव्हाही तो चादरीखालीच होता.